कॅनडाच्या झेंड्यावरची कपाशी

बोर्डे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुलावर उभ्या होत्या. मंठ्याच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षणसेवक म्हणून रुजू व्हायला मी आलो होतो. हातात नेमणुकीचा कागद होता. व्हरांड्यातल्या फळ्यावर बाई खडूने लिहीत होत्या, ‘मागच्या सोमवारी याच जागी मी एका देशाची राजधानी चुकीची लिहिली होती. बरोबर नाव खाली देत आहे.’ स्टूल एका पायाने लंगडं होतं. मागे न बघताच बाई म्हणाल्या, “कोन हाये? जरा स्टूल धरा बरं.” मी धरलं. मुख्याध्यापकांना कागद त्यानंतर दाखवला.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी पटकन हो म्हणालो आणि मग तीन आठवडे टाळाटाळ केली. कारण शेवटी कळेलच. बाईंनी हजारो मुलांना भूगोल शिकवला, मुलींना शाळेत टिकवलं, हे इतर मंडळी माझ्याहून चांगलं लिहितील. मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका नियमाबद्दल. चूक जिथे केली तिथेच दुरुस्त करायची, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. शिक्षकांच्या खोलीत या नियमाची थट्टा चालायची. थट्टा करणाऱ्यांत मीही असे, पण बाई खोलीत नसताना.

एकदा शाळेत राष्ट्रीय चिन्हांचे छापील तक्ते आले. गठ्ठा सुटताच बाईंनी ध्वजावरच्या चक्राचे आरे पेन्सिलीच्या टोकाने मोजले. बावीस भरले. सगळा गठ्ठा परत गेला. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, दोन आऱ्यांनी काय बिघडतंय?” बाई म्हणाल्या, “माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात ते चक्र मोजूनच काढतेत. दोन कमी असले तर ते दुसरंच चाक झालं.”

या कडकपणामुळे बाई रुक्ष वाटत असतील तर तसं मुळीच नाही. माझ्या आईचं जालन्याला ऑपरेशन झालं, तेव्हा दहा दिवस माझे तास बाईंनी घेतले. चित्रकला त्यांना अजिबात येत नाही; त्यांचा बैल आणि त्यांचं टेबल यांत फरक करणं अवघड जातं. मग त्यांनी प्रत्येक मुलाकडून आपापल्या गावाचा नकाशा काढून घेतला आणि गावाचं एक चिन्ह ठरवायला सांगितलं. कुणी चिंच काढली, कुणी विहार, कुणी जात्याचा दगड. एक पोरगा हटून बसला, “आमच्या गावाला चिन्हच न्हाई बाई.” बाईंनी त्याला घरी पाठवून आजीला विचारायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो गावच्या आडाची चार पानं माहिती घेऊन आला. मी परतलो तेव्हा माझ्या टेबलावर बेचाळीस नकाशे आणि आईसाठी शेवग्याच्या पानांची भाजी होती.

आता भिंतीकडे वळतो. मी रुजू झालो त्याच वर्षी बाईंनी मला शाळेच्या दर्शनी भिंतीवर जगाचा नकाशा आणि देशोदेशींचे झेंडे रंगवायला सांगितले. कॅनडाच्या झेंड्यापाशी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, “काळे सर, पान पुस्तकात बघून घेतलं का?” मी म्हणालो, “बघितलं बाई.” बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मी पान रंगवलं. लालभडक, टवटवीत. सगळ्यांनी वाखाणलं.

त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. चाचणीत ‘कॅनडातील मुख्य पीक’ या प्रश्नाला अर्धा वर्ग ‘कापूस’ लिहू लागला. बाई चक्रावल्या. त्यांनी धडा पुन्हा शिकवला, गहू म्हणून तीनदा घोकून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा कापूस. “माझंच कुठं तरी चुकून राह्यलंय,” असं त्या म्हणायच्या आणि उत्तरपत्रिका घरी नेऊन पुन्हा वाचायच्या. मी गप्प बसून चहा प्यायचो.

माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. नोकरी कायम होणार की नाही, ते त्या महिन्यात ठरणार होतं, आणि मुख्याध्यापकांचं माझ्याबद्दलचं मत फारसं गोड नव्हतं. तेवढ्यात नवीन जालना भागातल्या एका बियाणं कंपनीकडे कॅनडाचे पाहुणे आले. बाईंचा जुना विद्यार्थी संतोष तिथे कामाला होता. पाहुण्यांपैकी एकाच्या आई बरोबर आल्या होत्या, हेलन नावाच्या निवृत्त शिक्षिका. कंपनीत बसून त्या कंटाळल्या आणि त्यांनी शाळा पाहायची इच्छा धरली. संतोष त्यांना थेट आमच्याकडे घेऊन आला. संस्थेचे अध्यक्षही धावत आले.

हेलनबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. आपल्या देशाचा झेंडा शोधला, चष्मा पुसला आणि विचारलं, “हे पान कशाचं?” संतोषने मराठीत सांगितलं. सहावीतली एक मुलगी तत्परतेने म्हणाली, “कपाशीचं हाये. कॅनडात कपाशी लई पिकते म्हणून.”

सगळी मुलं माना डोलवत होती. आमच्या पोरांना कपाशीचं पान ओळखायला पुस्तक लागत नाही. तीन वर्षं ती रोज ते पान बघत होती आणि उत्तरपत्रिकेत इमानदारीने कापूस लिहीत होती. अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. “कोणी काढलं हे?” अध्यक्षांनी विचारलं. माझी नोकरी त्या पानाला लटकली होती.

बाई पुढे झाल्या. “काढायला मी लावलं. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं न्हाई. आपल्या चक्राचे आरे मोजते आणि दुसऱ्याचं पान बघत न्हाई, म्हंजे काय? चूक माझी.”

संतोषने हे सगळं हेलनबाईंना सांगितलं. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, राहू द्या हो. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला मुलं ओट्यावर बसली. त्या सस्कॅचेवान नावाच्या सपाट मुलखातल्या. झेंड्यावरचं खरं पान साखरेच्या मेपलचं, म्हणजे ज्याच्या गोड रसाचा पाक करतात त्या झाडाचं; ते झाड त्यांच्या भागात रानात उगवतच नाही. त्यांच्या प्रांताच्या झेंड्यावर तांबडी लिली. शेतात गहू आणि मसूर. पूर्वेला क्वेबेकमधली माणसं आपला निळा झेंडा आधी उभारतात. हेलनबाईंची आजी युक्रेनहून भरतकामाचा एक रुमाल घेऊन आली, तो अजून सणाला टेबलावर पसरतात. शेजारच्या वस्तीतली आदिवासी माणसं तर कुठलाही झेंडा येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथली. त्यांचे ढोल आणि नाच त्यांचे स्वतःचे.

बाईंनी विचारलं, “मंग ज्याचं झाड तुमच्या दारात न्हाई, ते पान तुमचं कसं?”

हेलनबाई म्हणाल्या, बर्फावरच्या हॉकीचा सामना असला की आम्ही सगळे तेच पान छातीवर लावतो. झाड दारात नाही, पण ते आपलं मानायचं आम्ही ठरवलं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या प्रांतावरून भांडतो.

“आमच्याकडं बी बिलकुल असंच हाये,” बाई म्हणाल्या. “आठ तालुक्यांची आठ तोंडं. चक्र मातर एकच.” दोघी शिक्षिका एकमेकींकडे पाहून अशा हसल्या की संतोषला भाषांतर करावं लागलं नाही.

पण राहू द्या म्हटल्यावर राहू देतील त्या बोर्डे बाई कसल्या. हेलनबाईंच्या कोटाला झेंड्याची पिन होती. ती समोर धरून मी सगळ्यांदेखत पान पुन्हा रंगवलं. बाई मागून टोकं मोजत होत्या. “अकरा. आता बराबर.” पुसलेल्या कपाशीचं हेलनबाईंना वाईट वाटलं, म्हणून नकाशात जालना येतं तिथे छोटंसं कपाशीचं पान काढलं. त्यावर बाईंचा आक्षेप नव्हता. मग झेंड्याखाली त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, ‘या जागी तीन वर्षे कपाशीचे पान होते. चूक माझी. सुमन बोर्डे.’

त्यावर विषय संपला असं मला वाटलं. बाईंनी मात्र शाळा सोडून गेलेल्या दोन तुकड्यांतल्या मुलांचे पत्ते काढले आणि प्रत्येकाला पोस्टकार्ड पाठवलं : ‘कॅनडात कापूस पिकत नाही. झेंड्यावरचं पान मेपलचं आहे.’ त्यातला एक जण आता मंठ्याच्या बाजारात टेम्पो चालवतो. बाई दिसल्या की हमखास काच खाली करून सांगतो, “बाई, कॅनडात कापूस पिकत न्हाई.” बाई तेवढ्याच गंभीरपणे म्हणतात, “शाब्बास.”

माझी नोकरी कायम झाली. दर उन्हाळ्यात भिंतीला रंग लागतो आणि बाईंची ती ओळ मी पुन्हा नव्याने लिहितो. बाई निवृत्त झाल्या तरी ‘चूक माझी, सुमन बोर्डे’ हे शब्द माझ्या ब्रशने दरवर्षी ताजे होत राहिले. मला त्याची लाज वाटते. इतकी वर्षं वाटत होती, आणि तरी मी लिहीत होतो.

म्हणून आता दुरुस्ती करतो. पान पुस्तकात पाहिलं, असं मी बाईंना सांगितलं ते खोटं होतं. पुस्तक कपाटात होतं, चावी शिपायाकडे होती, शिपाई जेवायला गेला होता. समोरच्या रानातून मी कपाशीचं पान तोडलं आणि त्यावरून झेंडा रंगवला. मुलं कापूस का लिहितात ते मला पहिल्याच चाचणीत कळलं होतं. बाई रोज स्वतःला दोष देत होत्या आणि मी बोललो नाही. चूक माझी. दिगंबर काळे. छापणाऱ्यांना विनंती, ही अक्षरं बारीक करू नयेत.

बाईंना हे कधीच कळलं नसेल असं मला वाटत नाही. कळूनही त्या थांबल्या असतील, मी कधी लिहितो ते पाहत.

या उन्हाळ्यात भिंतीवरची ओळ बदलली आहे. तिथे आता माझं नाव आहे. बाई, तुमची नजर अशीच शाबूत राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि शंभरी ओलांडल्यावरही तुम्ही आमच्या चुका मोजत राहा. ओळ बरोबर लिहिली आहे का ते तपासायला एकदा शाळेत या. ती जरा उंचावर आहे. स्टूल मी धरतो.