पाळणाघरातली अर्ध्या तासाची झोप

सातवी पास होऊन मी काही वर्षं घरीच होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. पण ट्रेनिंगला नंबर लागायला वेळ होता, म्हणून वडिलांनी तोवर मला एका धानाच्या मिलमध्ये लावून दिलं. वडील गोंदियाच्या धान्यबाजारात मापारी होते आणि मिलच्या मॅनेजरशी त्यांची ओळख होती. काम काय, तर मिलमधल्या बायांची लेकरं सांभाळायची. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि कारखान्यांचा नवा कायदा आला होता. त्यात म्हणे लिहिलं होतं की जास्त बाया कामाला असतील तर त्यांच्या लेकरांसाठी खोली पाहिजे आणि खोलीवर एक बाई पाहिजे. मिलच्या मालक शेटजींनी बारदान ठेवायची जुनी खोली रिकामी केली, चुना मारला आणि बाई म्हणून मला बसवलं.

मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या घरात मीच धाकटी, त्यामुळे तान्हं लेकरू मी कधी मांडीवर घेतलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी अकरा लेकरं आली. धोतराच्या झोळ्या आढ्याला बांधलेल्या होत्या. दोरी कुणाची ओढू आणि शी कुणाची पुसू, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मॅनेजरनं कामावर घेताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, लेकरं झोपावी म्हणून काही आया नखभर अफू चाटवतात, ते होऊ द्यायचं नाही. दुसरी त्याच्याच शब्दांत सांगते, तो हिंदीतच बोलायचा. "कमरा बच्चों का है, धरमशाला नहीं. किसी को सोने मत देना."

मी मान हलवली. ‘किसी को’ म्हणजे नक्की कोणाला, हे विचारायचं राहून गेलं.

तेच नडलं, कारण बारा वाजता भोंगा वाजायचा, अर्ध्या तासाची सुट्टी व्हायची आणि सगळ्या आया धावत खोलीत यायच्या. सकाळपासून त्या बाहेरच्या सिमेंटच्या पटांगणात वाफवलेलं धान पायांनी फिरवत असायच्या. खालून सिमेंट तापलेलं, वरून ऊन. खोलीच्या भिंती मात्र हातभर जाड, वर कवेलू म्हणजे कौलं, खाली दगडी फरशी. अख्ख्या मिलमध्ये तेवढीच एक गार जागा होती. आया शिळ्या भाताचा डबा उघडायच्या, एका हातानं खायच्या आणि दुसऱ्या हातानं लेकरू छातीशी धरायच्या. दोन-चार घास गेले की त्यांचे डोळे मिटायचे. घास हातात तसाच. आता अशा बाईला मी उठवायचं का? ती लेकराला पाजत होती म्हणजे नियमात होती, आणि झोपली होती म्हणजे नियमाबाहेर. मी नुसती बघत बसायची.

अशात दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की एक बाई रोज येते आणि कुठल्याच लेकराला घेत नाही. पस्तिशीच्या आसपासची, उंच, हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं. भोंगा झाला की ती आत यायची, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची, तोंडावर पदर ओढायची आणि पाच मिनिटांत झोपायची. दुसरा भोंगा झाला की उठायची, पदर झटकायची आणि निघून जायची. मला वाटलं, कुणाची तरी मावशी नाहीतर आत्या असेल.

मी एका आईला विचारलं, "त्यांचं लेकरू कोणतं?"

ती हसली. "तिचं कोठचं लेकरू, बाई? पंधरा वर्सं झाली लगनाले. काईच नाई."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात एक गोष्टच तयार झाली. मला वाटलं, ही बिचारी लेकरांच्या वासासाठी येते. त्यांच्या जवळ पडून राहावं, एवढंच तिला हवं असेल. तिच्याकडे बघून मला भरून यायचं. एके दिवशी ती झोपली असताना मी सगळ्यात गुटगुटीत पोर दुपट्यासकट उचललं आणि तिच्या पाठीशी नेऊन ठेवलं. भोंगा झाल्यावर ती उठली, पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला ओलांडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कोपऱ्यात झोपली.

मी गोंधळले. तिला आवडलं नाही, की सहन झालं नाही?

मग एका लेकराला हगवण लागली. त्याची आई भर खोलीत ओरडली, "ते वांझोटी इथं कायले येते? तिची नजर लागून राहिली लेकरायले!" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. ती कोपऱ्यात पडलेलीच होती. पदर हलला नाही. झोपेत ऐकलं नाही, की ऐकून पडून राहिली, कोण जाणे.

त्या दिवशी ती निघताना मी दारात तिला थांबवलं. धीर करून म्हणाले, "मावशी, तुम्हाला लेकरांजवळ बरं वाटतं का? म्हणून येता का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही भलतंच बोलले.

"लेकरायजवळ? कायले वं? नुसते रडतेत. मले झोप येते म्हून येतो." आमच्याकडे बायाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. "पहाटे उठून कोसभर चालत येतो. इथं गार हाय. आन अर्धा घंटा माहा हाय ना?"

"हो, तुमचाच आहे," मी म्हणाले.

"मंग?"

मी मॅनेजरकडे गेले. तो चहा पीत होता. मी सगळं सांगितलं आणि विचारलं की सुट्टीत झोपायला परवानगी आहे की नाही.

तो म्हणाला, "आधा घंटा उसका है. सोये, नाचे, मुझे क्या? पर कमरे में नहीं. कमरा बच्चों का है."

"मग ती झोपेल कुठे?"

"ये कानून में नहीं लिखा," असं म्हणून त्यानं कप खाली ठेवला.

म्हणजे झोपायला हरकत नव्हती, फक्त झोपायला जागा नव्हती. मी परत आले आणि तिला सांगितलं की उद्यापासून आत येऊ नका. ती भांडेल असं वाटलं होतं. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराला ती खोलीच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीला लागून आडवी झाली. ऐन दुपारी भिंतीची सावली किती पडणार? वीतभर. डोकं सावलीत मावलं, बाकी अंग उन्हात. दारातून मला तिचे पाय दिसायचे. टाचांच्या भेगांत भुसा भरलेला. आत आया पाजता पाजता झोपलेल्या आणि बाहेर ती. मी पुढे होऊन तिला आत बोलावलं नाही. लेकराची आई खूश होती, मॅनेजर खूश होता, हगवण तर दोन दिवसांत आपोआप थांबली होती. मग माझंच काय बिनसलं होतं, ते मला सांगता आलं नसतं. घरी वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "तू लेकरं सांभाळ. मोठ्यांची झोप तुझ्याकडे कोणी दिली?"

दहा-बारा दिवस असेच गेले. मग मला हिवताप आला. सकाळी थंडी वाजली, तरी गेले, कारण माझ्या जागी बसायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हाच पहिल्यांदा ध्यानात आलं की मिलमध्ये सगळ्यांना सुट्टी आहे, मला नाही. भोंगा झाला की माझी खोली उलट जास्त भरते. अकरापर्यंत मी दोऱ्या ओढल्या. बारा वाजून गेले तशा भिंती फिरायला लागल्या. त्या दिवशी पटांगणातलं धान पावसाच्या भीतीनं गोळा करायचं चाललं होतं, म्हणून आया घाईघाईनं पाजून परत गेल्या होत्या. मी दाराशी गेले आणि आपली सुट्टी न सोडता बाहेर आडव्या झालेल्या तिला म्हणाले, "मावशी, जरा आत बसता का? मला उभं राहवत नाही."

ती उठली. माझ्या कपाळाला हात लावला. "भट्टी झालीस की वं पोरी. पड."

"झोपायचं नाही असं सांगितलंय..."

"पड मनलं ना."

मी तिच्याच कोपऱ्यात पडले. किती वेळ गेला माहीत नाही. जाग आली तेव्हा दारात मॅनेजर उभा होता. ती मधोमध बसली होती, एक लेकरू मांडीवर, एक खांद्यावर, आणि पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधून ती पायानं झोका देत होती. तिसरं पोर तिची वेणी ओढत होतं. दुसरा भोंगा कधीच होऊन गेला होता.

मॅनेजर म्हणाला, "वा! आया सो रही है और कुली जाग रही है." त्याच्या हिंदीत ‘आया’ म्हणजे लेकरं सांभाळणारी, म्हणजे मी.

मी धडपडत उठले. तीच बोलली. "ताप हाय तिले. मीच मनलं झोप. आन मी माह्या सुट्टीत बसलो."

"सुट्टी तो कब की खतम हुई."

"भोंगा आयकू नाई आला. हे रडून राहिले ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, लेकरांकडे पाहिलं. मला वाटलं, दोघींनाही घरी पाठवतो. पण त्यानं भलताच निकाल दिला. पाळणाघरातल्या बाईलाही अर्धा तास पाहिजे, म्हणाला, कायदा सगळ्यांना एकच आहे. म्हणून उद्यापासून बारा ते साडेबारा मी विश्रांती घ्यायची आणि माझ्या जागी हिनं बसायचं.

तो गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. तिनं वेणी सोडवून घेतली आणि पटांगणात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. ती बाराला आत यायची, मधोमध बसायची आणि मी कोपऱ्यात पडायची. ज्या बाईनं नजरेचं काढलं होतं तिनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. पण हिच्या हातात पोर चटकन गप्प होतं हे दिसल्यावर तीच आपलं पोर हिच्याकडे देऊन निवांत जेवायला लागली. सगळं सुरळीत झालं होतं. फक्त मला झोप यायची नाही. डोळे मिटले की तिचे पाय दिसायचे. ती झोपत होती तर मी तिला हाकललं, आणि आता तिच्या झोपेवर मी झोपत होते. तेही परवानगीनं.

पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "आता तू अर्धा घंटा झोपतेस. मी कधी झोपू वं?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती.

मी म्हणाले, "मावशी, अर्धा वेळ तुमचा, अर्धा माझा. आधी तुम्ही झोपा."

"मॅनेजर आला तं?"

"आला तर एक जागी दिसेलच ना त्याला."

ती पहिल्यांदा हसली. तेव्हापासून आम्ही तो अर्धा तास वाटून घेतला. आधी ती, मग मी. पंधरा मिनिटं झाली की मी तिच्या खांद्याला हात लावायची आणि ती लगेच उठायची. मग तिची जागा ऊबदार असतानाच मी पडायची. मला झोप लागायला लागली. मॅनेजर दोनदा डोकावला आणि तसाच निघून गेला. आम्ही नियम मोडत होतो की पाळत होतो, ते बहुधा त्यालाही ठरवता आलं नसावं.

पावसाळ्याच्या तोंडाशी माझा ट्रेनिंगला नंबर लागला. शेवटच्या दिवशी मी तिला म्हणाले, आज मी आधी झोपते, रात्री जागून सामान बांधायचंय. ती "झोप" म्हणाली. मी पडले, आणि डोळे उघडले ते दुसऱ्या भोंग्यानं. आया निघत होत्या. ती माझ्या उशाशी बसली होती, मांडीवर एक पोर झोपलेलं. त्याच्या तोंडावरची माशी ती पदरानं वारत होती. तेवढ्यासाठी हात हलवायचीही गरज नव्हती, नुसती फुंकर पुरली असती, पण ती हळूहळू पदर फिरवत होती.

"मला उठवलं काऊन नाही?" मी विचारलं. माझ्याही तोंडी आता तिची बोली यायची.

"तू झोपून राहिली होतीस ना," ती म्हणाली.

तिनं पोर माझ्या हातात दिलं आणि धान फिरवायला गेली. मी ते पोर घेऊन दारात उभी राहिले. आपली अर्धी झोप तिनं मला दिली, की त्या पोरापाशी बसायला तिला तेवढा वेळ हवा होता, हे मी तिच्या मागे जाऊन विचारू शकले असते. पटांगण काही लांब नव्हतं. पण पोर जागं झालं आणि रडायला लागलं.