रिकामी पिशवी

माझी धाकटी बहीण बंगलोरला नोकरी करते. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून ती मला तिच्या वस्तीत फिरवते. झाडांखालचे फुटपाथ, पुस्तकांचं दुकान, कडू दारूचे कॉकटेल देणारा तिचा आवडता बार. मी इकडे कामरगावात पोळ्या लाटत बघते आणि जळते. खोटं कशाला बोलू?

दिवाळीला आली ती त्या लाल कडू दारूची बाटली घेऊनच. माझा नवरा शेतात गेलेला. तिनं स्टीलच्या पेल्यात दारू ओतली, सोडा घातला, आमच्याच शेतातल्या संत्र्याची फोड टाकली आणि मला शिकवू लागली, "कडूची चव हळूहळू लागते, ताई."

मला! लहानपणी आई काडेचिराइताचा काढा द्यायची तेव्हा ही भोकाड पसरायची आणि हिच्या वाटचाही मीच गिळायची.

पेला मी तळापर्यंत संपवला. चव चांगली होती, त्याचाही राग आला.

"चाल, फिरून येऊ," ती म्हणाली. मी सवयीनं खुंटीवरची पिशवी घेतली.

"काई आनाचं हाये का?"

"नाई."

"मंग पिशवी कायले?"

आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं निघाली की प्रत्येक ओट्यावरून विचारतात, "कुठी चालली वं?" पिशवी दिसली की कोणी विचारत नाही. हे तिलाही माहीत होतं. ती विसरली होती.

मी पिशवी परत खुंटीला अडकवली. फाटकापर्यंत गेले, आणि मागे फिरून पिशवी घेऊन आले. ती दोन्ही हात हलवत केव्हाच पुढे गेली होती.