आमच्या सासूबाईंचं बघणं

माझ्या सासूबाई जेवढं बघतात तेवढं या अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरं कोणीही बघत नाही, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने खुशाल माझ्याशी भांडायला यावं. मी तयार आहे. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्याविषयी नाही नाही ते ऐकून घेतलं आहे. कोणी त्यांना भोचक म्हणतं, कोणी चौकस म्हणतं, आणि ग्रामपंचायतीने नाक्यावर कॅमेरा बसवायचं ठरवलं तेव्हा एका सदस्याने भर सभेत विचारलं होतं, "कॅमेरो कित्याक होयो? बाई आसत मां?" सगळे हसले. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्याही हसल्या, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तू आदी तुझ्या शर्टाचा बटान बघ. खालचा वर लागला हा." मला विचाराल तर त्या दिवशी कॅमेऱ्याचा ठराव नामंजूरच व्हायला हवा होता.

आचऱ्याजवळच्या त्यांच्या गावात त्या आयुष्यभर प्राथमिक शिक्षिका होत्या, त्यामुळे आजही गावात त्या नुसत्या 'बाई' आहेत. दर सोमवारी मुलं वर्गात यायच्या आधी त्या वर्गातली कुठली तरी एक गोष्ट बदलून ठेवत. कधी नकाशा उलटा, कधी घंटेची दोरी दुसऱ्या खिळ्याला, तर कधी स्वतःच्या डाव्या हातातली बांगडी उजव्या हातात. जे बदललं ते सापडल्याखेरीज धडा सुरू होत नसे. एकदा इन्स्पेक्टर आले आणि विचारू लागले की हा कुठला विषय आणि अभ्यासक्रमात कुठे आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, अभ्यासक्रमात आहे की नाही ते तुम्ही बघा, तोवर माझी मुलं बाकीचं बघतील." शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते मला ठाऊक नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही कुठल्या घरात शिरली की आधी चारी भिंतींकडे एकदा नजर फिरवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी घाटावरचा, कोल्हापूरकडचा. मुलगी बघायला म्हणून गेलो तेव्हा मला बोलायला सांगितलं जाईल अशी माझी तयारी होती, नोकरीबिकरीची उत्तरं पाठ होती. सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं आणि मासे खायची सवय नसल्यामुळे दुसऱ्या घासालाच एक काटा माझ्या घशात गेला. नव्या घरी खोकायचं कसं, म्हणून मी हसतमुखाने तसाच बसून राहिलो. सासरे पावसापाण्याचं बोलत होते आणि मी माना डोलावत होतो. एवढ्यात सासूबाई आतून आल्या, माझ्या ताटात कोरड्या भाताचा एक घट्ट मुटका ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेल्या. तो गिळला आणि काटा खाली गेला. नंतर बायकोने सांगितलं की आत जाऊन त्या म्हणाल्या होत्या, "काटो अडाकलो तरी बोलणा नाय. चलात." एवढ्यावर माझं लग्न ठरलं.

त्यांच्याबरोबर कुठे जाणं हा मात्र छळ आहे, ते मी नाकारत नाही. त्या खारेपाटणच्या बाजारातून चालताना रस्ता बघत नाहीत, माणसं बघतात, आणि जे दिसेल ते बोलून मोकळ्या होतात. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी त्या मोठ्याने म्हणाल्या, "न्हवरो दुसऱ्याच्या चपला घालून इलो." खरंच आला होता, पण ते त्याच क्षणी सांगायची काय गरज होती? दोरीवरचे कपडे बघून कोणाकडे मुंबईचे पाहुणे आलेत ते त्यांना कळतं, आणि पाहुण्यांचं आणि यजमानांचं बिनसलंय का तेही कळतं. टीव्हीवरची मालिका त्यांच्याशेजारी बसून बघणं तर अशक्य. नायिका धाय मोकलून रडत असते आणि या म्हणतात, "ही फुलदाणी काल सासरी होती, आज माहेराक कशी इली?"

आता माझं सांगतो. मी शिरोड्याला समुद्राकाठच्या एका हॉटेलात मॅनेजर आहे. मॅनेजर झालो त्या वर्षी मालकांनी मला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथे सांगितलं की चांगल्या नेत्याने निरीक्षण करावं. मी परत आलो आणि करू लागलो. मागे हात बांधून स्वयंपाकघरात उभा राहायचो, भांडी घासणाऱ्याकडे टक लावून बघायचो, खोल्या साफ करणाऱ्या बायकांच्या मागोमाग फिरायचो. आठवड्याभरात सगळ्यांची खात्री पटली की हॉटेलात चोरी झाली आहे आणि साहेबांचा संशय आपल्यावर आहे. दोघींनी येणं सोडलं. त्याच सुमारास सासूबाई दोन दिवस राहायला आल्या, माडाखाली खुर्ची टाकून बसल्या, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "जावयबापू, तुमचो खानसामो चाललो." मी म्हटलं, तो तर खूश आहे. "आपली सुरी कागदात बांदून घराक व्हरता. सुरी घराक गेली, आता माणूस जातलो." मी घाईघाईने विचारपूस केली तेव्हा कळलं की नवीन हाताखालचे लोक त्याला न विचारता त्याची सुरी वापरत आणि दगडावर घासून तिची धार घालवत. मी त्याला कुलुपाचा एक खण करून दिला. तो अजून आमच्याकडेच आहे. जाताना सासूबाई मला म्हणाल्या, "तुमी लोकांच्या हाताकडे बघतास, जरा तोंडाकडे बघा." आता शिबिराला मालक दरवर्षी दुसऱ्या कोणाला तरी पाठवतात, आणि मी त्याबद्दल काही बोलत नाही.

पण ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट गावपळणीची आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सासूबाईंच्या गावात काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर राहायला जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या टोपलीतून जातात, कुत्री आपली आपण जातात. घरांची दारं लोटायची, चुली विझवायच्या आणि गाव देवाच्या स्वाधीन करायचा. तीन दिवसांनी पुन्हा कौल मिळाला की परत यायचं. तोवर वेशीवरचा व्हाळ, म्हणजे आपला ओढा, कोणी ओलांडायचा नाही. पलीकडच्या माळावर झावळ्यांचे मांडव पडतात, गाणी, भजनं, कोंबडी-वडे, पत्ते, सगळं जोरात असतं. जावई म्हणून मी हक्काने रजा टाकून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि माळ सुस्तावला. मी झावळीच्या सावलीत आडवा झालो होतो. सासूबाई शेजारी बसून होत्या. मला म्हणाल्या, "जावयबापू, तुमका काय ऐकाक येता?"

मी डोळे मिटूनच म्हटलं, "कोंबडे. पोरं. कुणाचा तरी रेडिओ."

"आणि काय येणा नाय?"

जे ऐकू येत नाही ते मला कसं ऐकू येणार? मी तसं म्हणालो. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "आबांचो खलबत्तो," त्या म्हणाल्या. "जेवल्यार आबा पान कुटतत. काल आवाज नाय, आज नाय."

आबा म्हणजे सासूबाईंचे शेजारी, नव्वदीच्या घरातले, तोंडात एक दात नाही, त्यामुळे लोखंडी खलबत्त्यात कुटलेल्या पानावर त्यांची दुपार जाते. त्यांना दोन मुलगे. घरं वेगळी, तोंड बघणं नाही, आणि बापाची पाळी लावलेली. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. त्या वर्षी गाव निघाला तो दिवस नेमका अमावास्येचा होता. सासूबाई आधी थोरल्याच्या मांडवात गेल्या. तो म्हणाला, "आबा? धाकट्याकडे. काल तेची पाळी लागली." माळाच्या पार दुसऱ्या टोकाला धाकट्याचा मांडव. धाकटा म्हणाला, "माका वाटला दादा व्हाळ ओलांडून हाडतलो आणि मगे देतलो." दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर बोलावं लागलं असतं. दोघेही पांढरेफटक पडले. आणि तरीही, देवाशपथ सांगतो, दोघेही पहिल्यांदा मानकऱ्यांकडे बघायला लागले.

मानकरी म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने उभं राहायचा मान असलेले पन्नाशीचे गृहस्थ. चांगला माणूस, पण हे त्यांच्या अंगावर येऊन पडलं. कालच्या सकाळपासून म्हातारा एकटा, विहिरीचं पाणी ओढायची ताकद नाही, हे त्यांनाही दिसत होतं. व्हाळाच्या काठावर सगळा गाव जमला. ते हात जोडून म्हणाले, "बाई, जाव नकात. गाव देवाक दिलेलो आसा. कौल घेतल्याबिगर कोणाक पाय ठेवक मिळाचो नाय. उद्या कायतरी वायट झाला तर तुमचा नाव येतला."

"म्हाताऱ्याक इसारलात तां कौल घेवन इसारलात काय रे?" सासूबाईंनी विचारलं. मानकरीही त्यांचाच विद्यार्थी.

"तुमी कौल घ्या," त्या म्हणाल्या. "बसा, फुलां लावा, देवाक इचारा. मी तवसर जावन येतंय. देवाक राग इलो तर माझो पत्तो सांगा."

आणि पदर खोचून त्या व्हाळात उतरल्या. मी मागोमाग गेलो. कोणाला वाटलं असेल की जावई म्हणून गेलो. चूक. त्या क्षणी त्या बाईच्या मागे न जाणं मला जमण्यासारखंच नव्हतं. मागे पुटपुट सुरू झाली, कोणीतरी 'अगो बाई' म्हणालं, आणि सासूबाई मागे वळूनसुद्धा बघेनात.

माणूस नसलेला गाव मी पहिल्यांदा पाहिला. सगळी दारं लोटलेली. थोरल्याच्या घरी आम्ही पोचलो तर आबा पडवीत बसले होते. धुवट धोतर, डोक्यावर टोपी, पायात चपला, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. पाळी बदलायची म्हणून काल सकाळी तयार होऊन बसले होते ते तसेच. शेजारी तांब्या होता, त्यात पाणी नव्हतं. चार केळ्यांच्या साली होत्या.

"इलंस बाय?" आबा म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "माका वाटला धाकटो येतलो."

"तेणांच धाडल्यान माका," सासूबाई म्हणाल्या. "मांडवाच्या कामात गुतलो. थोरलोय सारको इचारी होतो, आबा खंय पावले म्हणान."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. "इसारूक नाय मां माका?"

"तुमका कोण इसारतलो? उठा, पाणी पिया."

मी विहिरीवरून पाणी आणलं. आबा तांब्याला तोंड लावून पीत राहिले. मग त्यांना पाठुंगळीला घेऊन मी निघालो. माणसाचं वजन एवढं कमी असू शकतं हे मला माहीत नव्हतं. व्हाळाच्या अलीकडे दोघे मुलगे गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवरून बाप उतरवून घेतला, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून. सगळा गाव विचारत होता, कसे होते, कसे होते. सासूबाई म्हणाल्या, "निजलेले. तेंका कळूकसुदा नाय."

मानकऱ्यांनी मग देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं आणि बाईंनी एक नारळ द्यावा असं सुचवलं. "नारळ देतंय," सासूबाई म्हणाल्या, "पण माझी चूक झाली असां म्हणूचंय नाय." मानकऱ्यांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग नारळ पुढे धरून मोठ्याने म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान काय पाय ठेवल्यान असात, तो तुझ्याच पायार ठेवल्यान असां समजान घे रे म्हाराजा!" आणि माळावरचा सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" सासूबाईंनी तेवढ्यात पाहून घेतलं की नारळाला एक बारीक चीर होती, आणि तो बदलून मागितला.

त्यानंतरही गावात काही जण त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हते. त्यांनी पर्वा केली नाही, मीही केली नाही. आबा गेल्या वर्षी गेले, धाकट्याच्या घरी, थोरला उशाशी असताना. दोघे भाऊ आता एकमेकांशी बोलतात, फार नाही, पण बोलतात. म्हणून आता ही एक राहिलेली गोष्ट लिहायला हरकत नाही.

त्या दुपारी मी आबांना पाठीवर घेतलं तेव्हा माझं लक्ष अंगणाकडे गेलं. अंगण नुकतंच चोपलेलं, मऊ होतं आणि त्यात आबांच्या काठीच्या टोकाच्या खुणा होत्या. पडवीच्या पायरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून परत पायरीपर्यंत, एकावर एक, इतक्या की माती फुटून गेली होती. सासूबाई आमच्याबरोबर लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली हिराची केरसुणी घेतली आणि ते सगळं अंगण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून काढलं. थोरला दोन दिवसांनी याच अंगणात परतणार होता. परतीच्या वाटेवर आबा माझ्या खांद्यावर पेंगले तेव्हा मी हळूच विचारलं, "आई, अंगण कशाला झाडलंत?"

"केर होतो," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.