मे महिन्यातली व्हिप्ड क्रीम

नवीन जालन्यात स्टेशनमागच्या गल्लीत राहणाऱ्या साधनाला केक भाजायचा कधीच कंटाळा आला नाही. कंटाळा यायचा तो केकवर काय लावायचं यावरून होणाऱ्या वादाचा. बटरक्रीम म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, लोणी जिभेला चिकटतं. साखरेच्या पोळीसारखं फॉन्डंट लावलं तर लोक साल काढावी तसं ते सोलून ताटाच्या कडेला ठेवायचे. सगळ्यांना हवी असायची व्हिप्ड क्रीम, आणि ती उन्हाळ्यात फ्रिजबाहेर आली की अंग टाकायची.

अंबडची गंधाली आली तीही मे महिन्यातच. तिची स्वरा वर्षाची होणार होती. हॉल ठरला होता आणि तीन मजली गुलाबी केक हवा होता.

"व्हिप्ड क्रीमचाच करा, ताई."

"मेमध्ये? अंबडपर्यंत? टिकणार न्हाई. पांढऱ्या चॉकलेटचं गनाश लावते. चॉकलेट क्रीममध्ये विरघळवून थंड केलं की घट्ट बसतं. रंग गुलाबीच देते."

"नको. चॉकलेट म्हटलं की सासूबाईंना त्यांचे दात आठवतात."

"मंग हॉलवर येऊन ऐनवेळी क्रीम लावते."

"पाहुणे लवकर येऊन राह्यले, ताई. फोटो काढायचेत."

पुढं गंधालीची नणंद फोन करून तेच बोलली, मग तिची जाऊबाईही. साधनानं शेवटी "करते बाई" म्हणून फोन ठेवला. पण मनाला पटेना, म्हणून तिनं गनाशचा एक मोठा डबाही करून फ्रिजमध्ये ठेवला.

वाढदिवसाच्या सकाळी वीज गेली. बर्फात भांडं ठेवून साधना हातानंच क्रीम फेटत बसली. तिचा नवरा रामप्रसाद, बियाण्यांच्या कंपनीतला, ऑफिसला निघताना डोकावला.

"एवढ्या तापापेक्षा जिलबी ठेवायची ना लोकांनी."

"तुम्ही निघा आधी," ती म्हणाली.

केकबरोबर गनाशचा डबाही तिनं भाड्याच्या गाडीत ठेवला. गाडीचा एसी नुसता वारा सोडत होता. हॉलवर पोचून तिनं मजल्यावर मजला चढवला, फुलं काढली. केक फुग्यांपुढं, पिवळ्या दिव्यांखाली मांडला. जरा वेळानं वरचा मजला कलला आणि क्रीम ओघळून खालच्या पुठ्ठ्यावर आली.

"ताई, हे काय करून राह्यले तुम्ही?" गंधाली रडवेली झाली.

"मी न्हाई करून राह्यले. ऊन करून राह्यलंय."

"बेकरीतला आणला असता तर बरं झालं असतं," सासूबाई मागून म्हणाल्या.

साधनानं केक उचलला आणि तडक स्वयंपाकघरात गेली. तिथं आईस्क्रीमवाले बदरोद्दीन डीप फ्रीजरजवळ उभे होते.

"चाचा, डबे बाहेर काढा. केक आत ठेवायचाय."

"आईस्क्रीमचं पाणी झालं तर लोक मला शिव्या देतील, बाई."

"मंग दोघं मिळून खाऊ शिव्या. काढा जल्दी!"

बदरोद्दीननं डबे काढून ओल्या पोत्यात बर्फात बसवले. साधनानं क्रीम खरवडून काढली, चुरा झालेला वरचा मजला बाजूला सारला आणि उरलेले दोन फ्रीजरमध्ये ठेवले. ते गार झाल्यावर डब्यातलं गनाश पातळ सुरीनं थापलं. घाईत एका बाजूला सुरीचे वळ तसेच राहिले. तिनं ती बाजू भिंतीकडं वळवली.

"तिसरा मजला?" गंधालीनं विचारलं.

"ढासळला. हे दोन उभे आहेत, कापून घ्या."

केक कापला, टाळ्या झाल्या. स्वरानं मूठभर केक ओरबाडून आज्जीच्या पदराला पुसला. चॉकलेटचं नावही न काढता सासूबाई "लई गोड झालाय" म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला. बाकी कुणी चांगला म्हणालं नाही, वाईटही नाही. बदरोद्दीननं तेवढा आईस्क्रीमचा कप आणून तिच्या हातात दिला.

"बसा बाई. बिलकुल टेकल्या न्हाई आल्यापासून."

साधना खुर्चीत बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थकव्याचं होतं की संतापाचं, तिलाच कळेना.

घरी येताच तिनं फोनच्या स्टेटसला लिहिलं: मार्च ते जून व्हिप्ड क्रीम मिळणार नाही, गनाशचा केक मिळेल. कारण विचारू नये.

"गिऱ्हाइकं तुटतील," रामप्रसाद म्हणाला.

"तुटू द्या."

काही तुटलीच. एकीनं तर लांबलचक मेसेज पाठवून भांडण काढलं. मग मंठ्याहून एका बाईंचा फोन आला.

"गनाशचा म्हणता, तो उन्हात राहतो ना बराबर?"

"व्हिप्ड क्रीमपेक्षा कितीतरी जास्त राहतो," साधना म्हणाली. "पण दिव्याखाली ठेवायचा न्हाई. अन् नणंदेला फोन करायला लावायचा न्हाई."

बाई हसल्या. साधना हसली नाही. तिनं केकचं वजन विचारलं.