निफाडच्या पोस्टमनची मुलगी

नाशिकला एका बालसदनात मी वीसेक वर्षं नोकरी केली. दत्तक गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन फॉलोअप रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. रिपोर्टच्या रकान्यात एकच ओळ मावायची : ‘मूल घरात रुळले आहे.’ कोण रडलं, कोण काय बोललं, हे लिहायला जागाच नसायची. मग ते सगळं माझ्या डोक्यात मुक्काम ठोकायचं! आता रिटायर झाल्यावर मैत्रिणींना एक किस्सा सांगायला जावं, तर त्याचं बोट धरून दुसरा येतो. म्हणून आज फक्त कुंदाचे किस्से सांगते. नाहीतर तुमचा स्वयंपाक राहील.

*

बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. किसनभाऊ निफाडला पोस्टमन. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, म्हणून ते आणि यमुनावहिनी मूल दत्तक घ्यायला आले. वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं, “पाळण्यातलंच हवं.” नेमका त्या दिवशी बाळांना ताप. डॉक्टर तपासून जाईपर्यंत दोघांना व्हरांड्यात बसवलं.

तिथं कुंदा आली. चार वर्षांची, दोन्ही वेण्यांच्या रिबिनी सुटलेल्या.

“कुणाला भेटायला आलात?”

“बाळ बघायला आलोय गं,” वहिनी म्हणाल्या.

“बाळं झोपलीत. तोवर मला बघा!”

आणि फोटो काढायचा असल्यासारखी हात सरळ करून ती समोर उभी राहिली.

अर्ध्या तासानं डॉक्टर गेले. मी वहिनींना म्हटलं, “चला, आता बाळं दाखवते.” कुंदा तोवर त्यांच्या मांडीवर बसून रिबिनी बांधून घेत होती.

वहिनी हळूच म्हणाल्या, “आता कशाला उठवता त्यांना? झोपू द्या.”

*

महिन्याभरानं मी पहिल्या भेटीला निफाडला गेले. सदनात असताना ही पोर दिवसभर माझा पदर धरून फिरायची. मला बघून धावत येईल, गळ्यात पडेल, असं मनाशी ठरवूनच गेले होते. तिची चिंध्यांची बाहुलीही सोबत घेतली होती.

दार उघडलं, कुंदानं मला बघितलं आणि गडप झाली!

शोधाशोध केली, तर बाई कॉटखाली. कॉटचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

“कुंदे, अगं मी मावशी!”

वहिनींचा चेहरा पडला. मग खालून आवाज आला, “मावशी, एकट्याच आलात?”

“हो गं.”

“एकट्याच जाणार?”

मी म्हटलं, “एकटीच जाणार.”

मग ती रांगत बाहेर आली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, “आई, मावशींना चहा टाक!”

दुपारी किसनभाऊंचं बोट धरून ती मला एसटी स्टँडवर सोडायला आली. मी खिडकीत बसले. ती खाली उभी, माझ्याकडे टक लावून. मला वाटलं, बघा, माया कुठं जाते! डोळे भरून आले. तेवढ्यात गाडी हलली आणि कुंदा खणखणीत आवाजात म्हणाली, “बाबा, गेल्या ना मावशी? चला आता घरी!”

त्या रिपोर्टात मी लिहिलं, ‘मूल घरात पूर्णपणे रुळले आहे.’ ‘पूर्णपणे’ हा शब्द नोकरीत पहिल्यांदाच वापरला.

*

नंतरच्या भेटीत वहिनींनी सांगितलेला हा किस्सा.

कुंदा घरी आली, त्याच्या पहिल्याच सकाळी त्यांनी न्हाणीत गरम पाणी काढलं आणि कुंदाला हाक मारली. टॉवेल खांद्यावर टाकून ती आली, ती न्हाणीच्या बाहेरच उभी.

“अगं, ये ना आत. पाणी गार होतंय.”

“माझा नंबर नाही आला.”

आमच्या सदनात तीस पोरं. आंघोळीला रोज लाइन! इथं दुसरं कुणी नाही, हे वहिनींनी परोपरीनं सांगितलं. पण लाइन म्हणजे लाइन. शेवटी वहिनी स्वतःचा टॉवेल घेऊन तिच्या पुढं उभ्या राहिल्या, आत जाऊन पाय धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “जा, आता तुझा नंबर.”

पंधरा दिवस रोज हेच. एकदा किसनभाऊंना ड्युटीला उशीर झाला. ते गडबडीत थेट आत शिरायला लागले, तर मागून कुणीतरी शर्ट ओढला.

“बाबा, मागं!”

आणि निफाडचा पोस्टमन मुकाट्यानं चार वर्षांच्या पोरीच्या मागं लाइनीत उभा राहिला!

*

किसनभाऊंची थोरली बहीण येवल्याला दिलेली. सगळे तिला अक्का म्हणायचे. बाई तोंडानं फटकळ. एकदा मी गेले, तेव्हा त्या आलेल्या होत्या. कुंदासमोरच मला विचारलं, “हिच्या आईबापाचा काय पत्ता?”

“माहीत नाही.”

“जात?”

“तीही नाही.”

अक्का भावाकडं वळल्या. “किसन, असलं बिनपत्त्याचं पोर घरात घेतलंस तू?”

किसनभाऊ दुपारची डाक लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “अक्का, पत्ता अपुरा असला म्हणून मी पत्र फेकून देत नाय. घर हुडकून काढतो. हिचं सापडलं.”

निघताना मात्र त्यांनी कुंदाला जवळ ओढलं आणि पदरानं तिची उंची मापली. पुढं येवल्याहून परकर आला. चांगला वीतभर लांब! वहिनी म्हणाल्या, “अक्का, पायात येतोय की.”

“मग दुमडून टीप मार. मोठी झाल्यावर काय करशील? टीप उसवून वाढवता आला पाहिजे.”

*

कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मूल कायद्यानं आमचंच असायचं. ते चार-पाच महिने वहिनी देवाला हात जोडून काढत होत्या. शेवटी हुकूम झाला. आम्ही तो वहिनींच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवला. निफाडच्या पोस्टात तो किसनभाऊंच्याच हातात पडला. वर आमच्या संस्थेचा शिक्का. आत काय असणार, त्यांनी ओळखलं. पण फोडला नाही. गावभर बाकीची डाक वाटली, मग स्वतःच्या दारात सायकल उभी करून हाक दिली, “यमुनाबाई, रजिस्टर हाय!”

वहिनी भाकऱ्या थापत होत्या. “असं काय ओरडता? आत या की!”

“ड्युटीवर हाय. आधी सही करा.”

वहिनींनी तशाच हातांनी सही केली. भाऊंनी लखोटा फोडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. हा माणूस अख्ख्या गावाला पत्रं वाचून दाखवायचा, पण दुसऱ्या ओळीच्या पुढं त्यांना जाता येईना. उरलेलं शेजारच्या मास्तरांनी वाचलं.

सहीची पोचपावती आमच्या ऑफिसात आली, तिच्या कोपऱ्याला बाजरीचं पीठ चिकटलेलं. ती तशीच फाइलला लावली.

*

नियमानं भेटी वर्षभरच द्यायच्या. मी पुढंही जातच राहिले. विचारणार कोण?

कुंदा सहावीत असेल. किसनभाऊ आम्हाला घेऊन बाजारात गेले होते. दिंडोरीकडून द्राक्षाच्या छाटणीला आलेला एक मजूर कुंदाकडं बघून म्हणाला, “ही पोस्टमनची पोरगी ना?”

भाऊ मागंच होते. पुढं येऊन म्हणाले, “तुला कसं कळलं?”

“चालीवरनं वळखली. बापावानी पाय फेकत चालते.”

खरंच होतं. रोज भाऊंच्या मागं मागं फिरून पोरीनं ती चाल उचलली होती. भाऊंनी त्या मजुराला चहा पाजला. चहा पिऊन तो उठला, तर म्हणाले, “बस की, अजून एक घे!”

*

कुंदाचं लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून वहिनींनी तिला नाशिकच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. मी अळिवाचे लाडू घेऊन गेले.

वॉर्डात दुपारची वेळ. प्रत्येक कॉटशी एकेक आई बसलेली, आणि बायकांच्या गप्पा दुसऱ्या कशाच्या असणार! एक म्हणाली, “हिच्या वेळी मी रातभर कळा काढल्या.” पलीकडची म्हणाली, “रातभर काय घेऊन बसलात? आमचं हे ध्यान दोन दिवस अडलं होतं!” सगळ्या हसल्या.

मग तिनं वहिनींना विचारलं, “अन् ताई, तुमची ही लेक? हिच्या टायमाला किती वेळ लागला?”

माझा हात लाडवाच्या डब्यावर तसाच राहिला. कुंदानं बाळावरून नजर उचलली आणि आईकडं बघितलं.

वहिनी बाळाची दुपटी घडी करत होत्या. हातातली घडी पुरी केली, उशाशी ठेवली.

“अकरा वर्षं,” वहिनी म्हणाल्या.