मधल्या सुट्टीतली हाक

मी भुतंखेतं मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मानत नाही. छप्पन साली बौद्ध झाल्यावर आमच्या वडिलांनी घरातले ताईत, गंडेदोरे सगळं नदीत सोडून दिलं होतं, त्या घरात मी वाढलो. तरीही हे लिहितोय, कारण... वाचा आणि तुम्हीच सांगा.

साल चौऱ्याहत्तर. माझं गाव चुडाव्याजवळ आणि पहिली नेमणूक मिळाली ती वालूरच्या शाळेत. वय तेवीस, लग्न झालेलं नाही, गावात ओळखीचं कुणी नाही. खोली मिळता मिळेना. जात कळली की प्रत्येक खोली ‘कालच दिलेली’ असायची! शेवटी गंगूमावशी म्हणून शेळ्या पाळणाऱ्या एक विधवा बाई होत्या, त्यांनी घराची रस्त्याकडची खोली दिली. मध्ये मातीची भिंत, दारं वेगळी. मावशी माझ्याशी बोलायच्या त्या उंबऱ्याबाहेरूनच.

आणखी एक गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती. मला मिरगी होती. परभणीच्या डॉक्टरांनी फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या होत्या, दिवसातून तीन. फिट यायच्या थांबल्या, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं. फळ्यावर सात आठे किती ते लिहायला वळायचो आणि खडू हातात तसाच राहायचा. एक ओळ तीनदा वाचावी लागायची, पोरांची नावं आठवायची नाहीत. रात्रभर झोपूनही झोप झाली असं वाटायचं नाही. पोरं माझ्यामागे ‘पेंगणारे गुर्जी’ म्हणायची, आणि बरोबरच म्हणायची. नेमणुकीआधी एकदा वैतागून गोळ्या बंद केल्या होत्या, तर भर स्टेशनवर पडलो आणि लोकांनी नाकाला चप्पल लावली. तेव्हापासून बंद करायची हिंमत नव्हती.

दुपारची गोळी सगळ्यात वाईट. मधल्या सुट्टीत खोलीवर यायचं, भाकरी खायची, गोळी घ्यायची आणि अंग टाकलं की संपलं. घड्याळाचा गजरसुद्धा ऐकू यायचा नाही. उशीर झाला म्हणून हेडमास्तरांनी दोनदा समज दिली होती, आणि नोकरी अजून कच्ची होती.

मग ती हाक सुरू झाली. दाराची कडी दोनदा वाजायची आणि बाहेरून बाईचा आवाज यायचा – “गुर्जी, उठा. शाळा भरायलीय.” रोज. अगदी वेळेवर.

मला वाटलं, मावशी असणार. आणि खरं सांगतो, बरं वाटायच्या ऐवजी राग यायचा. दार नुसतं लोटलेलं असे. आत येऊन उठवलं तर काय विटाळ होतो का, असं मनात यायचं. तोंड धुवायचो आणि मावशींच्या दाराकडे न बघता निघून जायचो. पण शाळेबाहेर दिवसभरात माझ्याशी बोलणारं त्या हाकेशिवाय दुसरं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

चार महिने असेच गेले. एका रविवारी सकाळी मावशी उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“गुर्जी, दुसरी खोली बघा.”

“का मावशी? काय चुकलं?”

“लय बोलायला लावू नका. रोज दुपारी तुमच्याकडं बाई येती. कडी वाजती, आवाज येतो, मला भिंतीतून ऐकू येतंय. उद्या बोभाटा झाला तर मी काय सांगू?”

मला आधी समजेचना. “मावशी, ती तर तुमीच. तुमीच उठवता की मला.”

“मी? मी कशाला उठवीन? तरण्या मानसाला दिवसाढवळ्या उठवायला बाई कशाला लागती?”

आता दोनच वाटा होत्या. बदफैली ठरून खोली सोडायची – आणि त्या गावात मला दुसरी मिळणार नव्हती. नाहीतर खरं सांगायचं, आणि मिरगीवाला मास्तर म्हणून नोकरी घालवून बसायची. मी आत गेलो, गोळ्यांची बाटली आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

“मावशी, मला मिरगी हाय. ही गोळी घेतली की मी मुडद्यावानी पडतो. त्या हाकंनंच जाग येती मला.”

मावशींनी बाटली बघितली. मग हळूच म्हणाल्या, “मग हाक कोन मारायलंय?”

मी दाराच्या कडीकडे बघितलं. मग त्याच म्हणाल्या, “कुनाला सांगू नका. मी बी सांगत न्हाई. उद्यापासून मी उठवीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. डोळे उघडले तर मावशी – खोलीत, माझ्या चटईपाशी! मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. बदली होईपर्यंत, पुढची दोन वर्षं, त्यांनीच मला उठवलं. ती हाक मात्र पुन्हा कधी आली नाही.

पुढे गोळी बदलली, डोकं पुष्कळ मोकळं झालं. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्या औषधाच्या गुंगीत असे भास होऊ शकतात. मान्य. पण गोळ्या मी घेत होतो, भिंतीपलीकडच्या मावशी नाही.

हल्ली दुपारी नुसता पडून असतो. झोप लागत नाही, घरातही कुणी नाही. चार महिने कुणीतरी रोज माझ्यासाठी उन्हातून दारापर्यंत येत होतं... आणि मी एकदाही ‘ओ’ दिली नाही.