मागनं उघडणारी फ्रेम

आबांनी माझी पहिली फ्रेम हातात घेतली, उलटी केली, मागची बाजू नखानं खरवडून बघितली आणि विचारलं, "ही उघडायची कुठनं?"

मी म्हटलं, उघडत नाही. वर ओतलेलं रेझिन एकदा काचेसारखं घट्ट झालं की झालं, मग हातोडी घातली तरच निघेल.

"मग ही फ्रेम न्हवं," म्हणाले आणि चहाचा कप पुढं ओढला. विषय संपला.

माझं डोकंच फिरलं. आठ दिवस खपले होते मी तिच्यावर. फुटक्या बांगड्या, चपलांच्या दुकानातनं मागून आणलेले चामड्याच्या वेणीचे तुकडे, बंद पडलेल्या घड्याळाची चाकं, सगळं कडेनं मांडून वर रेझिन ओतलं होतं. शेजारच्या वहिनी 'नाद खुळा' म्हणून गेल्या होत्या. आणि जन्मदाता बाप म्हणतो, ही फ्रेमच नव्हे! ऐंशी पार केली तरी आबांच्या तोंडाला लगाम नाही. माझ्याही नाही, आणि तो गुण कुठनं आला हे वेगळं सांगायला नको.

पण त्यांना बोलायचा हक्क होता. गंगावेशीत त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आठ फुटांची जागा. भिंतीला टेकून लाकडी पट्ट्या उभ्या, खाली भुश्श्याचा थर, कोपऱ्यात खळीचं पातेलं. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथं. आबा हिरकणीनं काच कापायचे, तेव्हा जो बारीक कर्र आवाज यायचा तो ऐकला की माझे दात शिवशिवायचे, तरी मी तिथनं हलायची नाही. रेघ ओढून झाली की टेबलाच्या कडेला काच धरून एक हलका दाब, आणि टक्क. एवढ्या रागीट माणसाच्या हातात एवढं मऊपण कुठनं यायचं कोण जाणे.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! देवांच्या तसबिरी, मास्तरांच्या निरोपाचे ग्रुप फोटो, तालमीतले पैलवान छाती फुगवून. मुरगूडचे एक पावणं बैलाचा फोटो घेऊन आले आणि म्हणाले, लग्नाच्या फोटोपेक्षा मोठी फ्रेम करा. आबांनी विचारलं, मालकीणबाईंना चालंल का? तर म्हणाले, तिनंच सांगितलंय की. दोघं इतके हसले की शेजारचा स्टुडिओवाला बाहेर येऊन बघायला लागला. तो बैलाचा फोटो पुढं आठवडाभर दुकानात टांगलेला होता आणि मी रोज त्याला दप्तर दाखवायची.

त्या दुकानात काही म्हणून टाकलं जायचं नाही. उरलेल्या काचेतनं छोट्या तसबिरी, पट्टीच्या तुकड्यांतनं देव्हाऱ्याची कठडी. फोटोच्या मागं आधाराला घालायचा पुठ्ठा तर विकत आणलेला मी कधी बघितलाच नाही. साडीचे खोके, जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, स्टुडिओवाल्यानं वाया गेलेले म्हणून दिलेले फोटो, सगळं मापानं कापून आत जायचं. आज लोक मला म्हणतात, टाकाऊतनं टिकाऊ, काय कल्पना हो तुमची! कल्पना कसली डोंबलाची, मी दुकानात बघितलं तेच करते.

एक नियम मात्र पक्का. मागनं बारीक खिळे ठोकायचे, वर खाकी कागद खळीनं चिकटवायचा, पण सरस कधी लावायचा नाही. कागलच्या एका घाईच्या गिऱ्हाइकानं एकदा, खिळे कशाला, चिकटवून टाका की, म्हटलं तर आबांनी त्याला फोटो परत दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "काच फुटती, पट्टी कुजती. आतला माणूस ऱ्हायला पायजे."

आमच्या घरात आतलं माणूस म्हणजे आई. मी चौथीत होते तेव्हा ती गेली. तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत खेळ संपला. तिचा फोटो एकच. शेजारच्याच स्टुडिओत काढलेला, खुर्चीवर ताठ बसलेली, इरकली लुगडं, हातभर बांगड्या, आणि चेहरा असा कडक की आत्ता कुणाला तरी फैलावर घेणार. खरं सांगू का, मला आई आठवते म्हणजे तो फोटोच आठवतो. तिचा आवाज गेला, चाल गेली, कुशीत घेतलेलं सुद्धा गेलं. हे कबूल करताना लाज वाटते, पण तसं आहे. दहा वर्षांच्या पोरीनं साठवून साठवून किती साठवावं?

आबांच्या खोलीत दोन फ्रेमा असायच्या. एका भिंतीवर आई, समोरच्या भिंतीवर जोतिबा. अंघोळ झाली की आबा जोतिबापुढं हात जोडून उभे राहायचे, बराच वेळ. आईकडं ढुंकून बघायचे नाहीत. मला भारी राग यायचा. बरं, देवाची एवढी ओढ म्हणावी तर चैत्रात सगळी पेठ डोंगरावर जाऊन गुलालात न्हाऊन यायची, आणि हे दुकानात. आत्या चिडवायची, ही कसली रं भक्ती? आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

दुकान बंद केलं आणि ते माझ्याकडं राहायला आले, तेव्हा पिशवीत चार कपडे, हिरकणी, पक्कड आणि ह्या दोन फ्रेमा होत्या. माझ्या घरातही त्या समोरासमोर लागल्या. मी नोकरीतनं मोकळी झाले, गॅलरीत टेबल मांडलं आणि रेझिन शिकले ते त्यानंतर. वासानं आबा खोकायचे, नाक मुरडायचे, 'हा चिक कसला' म्हणायचे, पण रोज खुर्ची ओढून माझं काम बघत बसायचे.

यंदा आईची तिथी आठ दिवसांवर आली आणि माझ्या डोक्यात आलं, आईच्या फोटोला मी माझ्या हातची फ्रेम करायची. जुन्या पट्टीला वाळवी लागलीच होती. आबांना सांगितलं, नवी पट्टी लावून देते. त्यांनी स्वतः फोटो भिंतीवरनं काढून दिला आणि म्हणाले, जपून.

मुलगी पुण्याला असते. फोनवर तिनं दहादा सांगितलं, आधी स्कॅन कर, फोटोची कॉपी वापर, अस्सल फोटोला हात लावू नकोस. मी तिला म्हटलं, तू मला शिकवू नकोस. माझ्या आईचा फोटो आहे तो, झेरॉक्सला कसला हार घालायचा?

आणि कागदाला आधी दोन्ही बाजूंनी गोंदाचा हात द्यावा लागतो, नाहीतर तो रेझिन पितो, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. दुसऱ्यांच्या फोटोंना मी न चुकता देते. पण ब्रश गोंदात बुडवला, फोटो समोर ठेवला, आणि आईच्या तोंडावरनं तो पांढरा चिकट ब्रश फिरवायला माझा हात धजेना. तिच्या डोळ्यांवर कसं फासायचं ते? म्हटलं, फोटोचा कागद जाड असतो, एकदा चालून जाईल. हिरव्या बांगड्यांचे तुकडे कडेनं मांडले, रेझिन ओतलं, बुडबुडे काढले, वर परात झाकली.

अर्ध्या तासानं परात उचलली तर खालच्या कोपऱ्यात काळपट डाग. भज्याच्या कागदाला तेल लागतं तसा. बघता बघता तो लुगड्यावर चढला, हातावर आला, गळ्यापाशी आला. मी चमच्यानं रेझिन उपसायला गेले तर बांगड्या विस्कटल्या आणि डाग काही थांबला नाही. संध्याकाळपर्यंत आईचा चेहरा आरपार झाला होता, आणि फोटोच्या पाठीवर असलेला स्टुडिओचा जांभळा शिक्का उलटा होऊन तिच्या गालावर उमटला होता. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. मोबाईलमध्ये शोधलं. एका वाढदिवसाच्या फोटोत मागच्या भिंतीवर आई होती, नखाएवढी, आणि तिच्यावर ट्यूबलाइटचा पट्टा.

पुढचे पाच दिवस मी तोंड चुकवत हिंडले. आबा रोज विचारायचे, झालं का? मी रोज सांगायची, पट्टी मिळेना. कोल्हापुरात पट्टी मिळेना, हे मी कुणाला सांगत होते? ज्यानं सारा जन्म पट्ट्या कापल्या त्याला. ते रिकाम्या खिळ्याकडं बघायचे आणि कूस बदलायचे.

तिथीच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र मला सहन होईना. फ्रेम आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. काय केलं, का केलं, सगळं सांगितलं, गोंदाच्या ब्रशाचंही. आबांनी फ्रेम खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ अंगठा त्या शिक्क्यावरनं फिरवत राहिले. मग उलटी केली आणि मागची कड नखानं चाचपायला लागले. खिळा सापडतो का बघत होते. ते मला बघवेना.

"आबा, मी आईला घालवली," मी म्हटलं.

"तिला घालवणारी तू कोण?" ते म्हणाले. मग समोर बोट दाखवलं. "जोतिबाला खाली घे."

मला वाटलं, आता देवापुढं नाक घासायला लावणार. लावू देत, म्हटलं. फ्रेम उतरवली. त्यांनी पलंगावर टॉवेल पसरायला सांगितला, त्यावर तसबीर पालथी घालायला लावली आणि पक्कड मागितली. पक्कड हातात घेतली खरी, पण ती खिळ्यावर नीट बसेना. परत माझ्याकडं दिली. म्हणाले, तूच काढ, सरळ ओढ, वाकवू नको.

खाकी कागद बोट लावताच सुटला. खिळे गंजलेले. एकेक ओढला, चांगले बारा निघाले. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा बाहेर आला. त्याच्या खाली, देवाच्या पाठीला पाठ लावून, एक फोटो होता. मी तो उजेडात धरला.

आई हसत होती.

तीच खुर्ची, तेच लुगडं. पण पदर खांद्यावरनं घसरलेला, एक हात तोंड झाकायला निघालेला आणि हलल्यामुळं पुसट झालेला, मान मागं गेलेली. आणि वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, चक्क दिसत होता. तो दात माझ्या तोंडात आहे. त्या दातापायी मी जन्मभर ओठ मिटून फोटो काढलेत, लग्नातले सुद्धा. तो कुणाचा, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आबा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत त्यांनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आई फोटोला बसली आणि हे कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून स्टुडिओवाल्याला मोठ्यानं म्हणाले, बेतानं रं, काच तडकंल. आई खदखदून हसली आणि फोटो वाया गेला. मग ती अशी चिडली की दुसरा फोटो काढला त्यात तो कडक चेहरा आला. म्हणजे इतकी वर्षं मी जिला आई म्हणून ओळखत होते, ती नवऱ्यावर रागावलेली एक बाई होती! वाया गेलेला फोटो स्टुडिओवाल्यानं पुठ्ठ्यात घाला म्हणून दिला. आई म्हणाली, फाडा तो. आबांनी त्याच दिवशी घरच्या जोतिबाला फ्रेम केली आणि तो आत घातला.

म्हणजे ते रोजचे जोडलेले हात. मी विचारलं, एकदा तरी उघडून बघायचं होतं, आबा.

"उघडली असती तर परत बंद करायला जमलं नसतं," ते म्हणाले.

मग आम्ही दोघंही रडलो. चांगले मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असे. रडून झाल्यावर मी आधी उठून मोबाईलवर त्या फोटोचे सात फोटो काढले आणि मुलीला पाठवले. तिनं खाली लिहिलं, अय्या, ही तर तू!

दुपारपासून बसून नवी फ्रेम केली. कड रेझिनचीच, पण आधी करून ठेवलेली. नुसती चौकट, फोटोला त्याचा थेंबही नाही. पुढं काच, मागं लाकडी पट्टी. काच आबांनी कापली. हिरकणी त्यांनी धरली, त्यांचं मनगट मी धरलं, आणि टक्क आवाज आला तसे माझे दात शिवशिवले. पुठ्ठ्याच्या जागी तो कडक चेहऱ्याचा, शिक्का उमटलेला फोटो जाईना, रेझिनमध्ये अडकलेला. तो आबांनी आपल्या कपाटात कपड्यांखाली ठेवला. मागं खिळे मी ठोकले, जोतिबालाही परत बंद करून टांगलं. आबांनी फ्रेम उलटी केली, एकेक खिळा मोजला आणि म्हणाले, आता झाली फ्रेम.

तिथीच्या दिवशी आबा अंघोळ करून आले. जोतिबाला घाईघाईनं हात जोडले, आणि खुर्ची ओढून आईच्या समोर बसले. मी हार घेऊन दारात उभी होते. त्यांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"तूबी एक काढून घे की फोटो," म्हणाले. "दात दिसू दे."